गोरेबाईंना सांगितलंत का?

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर मेथी निवडली. सुमन खाली पेपर पसरून बसली होती आणि मी देठं ठेवतो म्हणून मला बोलत होती. पानं बाजूला सारून तिनं एक बातमी मोठ्यानं वाचली. परदेशी फोन सरकार ऐकतं, कोर्टाला विचारावं लागत नाही, असं काहीतरी. मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "गोरेबाईंना सांगितलंत का हो?" मी म्हटलं, "तू मेथी निवड." दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षात बसवेपर्यंत... संपलं.

ती सातवी पास, मी चौथी. मी टेलिफोनचा लाइनमन. खांबावर मी चढायचो, डोकं तिचं चालायचं. गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ निघाले होते, शिकलेली पोरं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला चालली होती आणि पुण्याजवळच्या खराडीत अजून ज्वारीची शेतं होती, तेव्हाची गोष्ट. एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते सांगितलं नाही. बुधवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याला बाहेरदेशातून फोन येतात, ते आम्हाला ऐकायचेत, तार जोडून दे म्हणाले. कागद नाही, सही नाही. मी दिली जोडून. फोनच्या डब्यात तारांच्या दोन जोड्या शेजारी, माझी तार लागली त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरच्या गोरेबाईंच्या फोनला. बाई रिटायर शिक्षिका, एकट्या, लेक अमेरिकेत. दोन महिने साहेबांची माणसं दर रविवारी मायलेकींचं बोलणं ऐकत होती. मेतकूट कसं करायचं तेही त्यांनी उतरवून घेतलं, त्यात काही खूण असेल म्हणून! शेवटी साहेबांना शंका आली, लाइन तपास म्हणाले. मी कानाला लावलं तर लेक रडत होती. नवरा हात उगारतो, परत यायचंय. आई म्हणत होती, "ये गं. इथं मी कुणाला कळू देणार नाही."

घरी येऊन सुमनला सांगितलं. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"साहेबांच्या."

"आणि साहेबांना विचारणारं कोण?"

"साहेबच."

"मग कोर्टात खुर्च्या कशाला मांडल्यात?"

सकाळी मी तार काढली आणि साहेबांकडं कागद मागितला. ते भडकले. "देशाचं काम आहे. परदेशाच्या भानगडीतलं जज्जला काय कळतंय?" खरं सांगतो, मला ते थोडं पटलंही. शत्रू काय कोर्टाची तारीख लागेपर्यंत थांबतो? सुमन म्हणाली, "घाई असेल तर आधी ऐका. पण नंतर तरी परक्या माणसाला दाखवा. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर पहिल्याच रविवारी कळलं असतं, भलत्याच बाईचं ऐकताय म्हणून."

महिन्याभरात माझी बदली दौंडला. तिनं एका शब्दानं त्रागा केला नाही. माहेरी मात्र ऐटीत सांगायची, "आमचे हे कागद मागायला शिकले, म्हणून बदली झाली." पुढं कधीतरी पेपरात आलं, आता वरच्या सचिवाची सही लागणार, समिती तपासणार. मी पेढे आणले. "समितीत कोण?" "मोठे अधिकारी." "म्हणजे साहेबांची भावकी. जज्ज एकही नाही?" पेढा मात्र तिनं खाल्ला.

पण गोरेबाईंचं राहिलंच. ती वर्षातून दोन-चारदा विचारायची. आधी म्हणालो नोकरी जाईल, मग म्हणालो पेन्शन अडकेल, मग म्हणालो आता म्हातारीला कशाला त्रास. "त्रास तिला, की तुम्हाला?" असं म्हणून ती भाजी ढवळायला वळायची...

तिचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली आणि बुधवारात गेलो. गोरेबाईंनीच दार उघडलं, काठी टेकत. उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं.

"इतक्या वर्षांनी बरं सुचलं?"

"मंडळी मागं लागली होती."

"मग त्यांना नाही आणलंत?"

मी सांगितलं. त्या दारातून बाजूला झाल्या. म्हणाल्या, "आत या. माझ्या लेकीचं काय काय ऐकलंत ते सांगा. काही गाळू नका."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.