उल्काताईंच्या वेबसाइटवरचा नवरा मुलगा

कसबा पेठेत उल्काताई परचुरे वधूवर सूचक मंडळ चालवत. जुळवलेल्या लग्नांचा त्यांना अभिमान होता, आणि त्याहून जास्त मंडळाच्या वेबसाइटचा. घरोघरी कॉम्प्युटर येऊ लागले, अमेरिकेतली मुलं पुण्यातली स्थळं शोधू लागली, तेव्हा त्यांनी ती मोठ्या हौसेने करून घेतली होती. ती करणारा माणूस दरवर्षी विचारायचा, "मजकूर बदलायचा का?" ताईंचं उत्तर ठरलेलं असे, "दुकानाची पाटी काय आम्ही रोज रंगवतो?"

अशी काही वर्षं गेली. मग एका रविवारी सकाळी कर्वेनगरात आमोद खांबेटेच्या घराची बेल वाजली. दारात अमरावतीचे दिगंबरराव ठोसर, हातात मुलीची पत्रिका आणि संत्रा बर्फीचा डबा.

"आमोदरावांचं घर हेच ना जी? स्थळासाठी आलो. फोन लागत नव्हता, म्हटलं भेटूनच घेऊ."

दार उघडणाऱ्या सलोनीच्या कडेवर धाकटा होता आणि थोरली तिच्या ओढणीला लोंबकळत होती.

"आमोदराव आहेत," ती म्हणाली, "पण सध्या रिकामे नाहीत. मी त्यांची बायको. या, चहा घ्या."

दिगंबररावांनी ओशाळून वेबसाइटवरून छापून आणलेला कागद पुढे केला. त्यावरच्या आमोदला डोकंभर केस होते. खाली लिहिलं होतं, 'अपेक्षा : मुलगी मितभाषी हवी.'

सलोनीने तेवढ्यात बाहेर आलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "हे मला आजच कळतंय."

"ते बाबांनी लिहिलं होतं," आमोद पुटपुटला आणि चहा करायला आत गेला.

चहा झाल्यावर सलोनी पाहुण्यांना घेऊन थेट कसब्यात गेली. तिचं लग्न ताईंनीच तर जुळवलं होतं.

"ताई, माझं काही चुकलं का? यांच्यासाठी अजून मुली बघताय तुम्ही!"

"अगं, जुनं आहे ते," ताई म्हणाल्या. "लोकांना कळायला नको?"

"कसं कळणार जी?" दिगंबरराव हळूच म्हणाले. "आमच्या घरी महिनाभर याच मुलाचं बोलणं चाललंय. भाग्यश्री इथेच हिंजवडीत नोकरीला आहे, माझ्या फोनची वाट बघत असेल. तिला काय सांगू?"

एरवी कुणाला शब्दाने हार न जाणाऱ्या ताईंनी दिगंबररावांची हात जोडून माफी मागितली.

दुसऱ्या दिवसापासून दुपारची झोप सोडून ताईंनी साइटवरच्या एकेकाला गाठायला सुरुवात केली. "तुमचं लग्न झालं का हो?" एका घरी फोन सुनेनेच उचलला आणि तिथे भलताच गोंधळ उडाला. एक गृहस्थ म्हणाले, "झालंय, पण नाव राहू द्या की. तेवढंच बरं वाटतं." ताईंनी त्यांचं नाव सगळ्यात आधी काढलं. साइटवर बदल कसे करायचे, तेही त्या स्वतः शिकल्या.

यादी निम्म्याहून कमी झाली, पण जे उरले ते खरोखरच लग्नाचे होते. त्यांतल्याच एकासाठी ताईंनी अमरावतीला फोन केला. "मुलगा अविवाहित आहे. घरी जाऊन स्वतः खात्री केलीय."

भाग्यश्रीला तो आवडला. साखरपुड्याच्या दिवशी पानं मांडली जात असतानाच ताई पर्स उचलून निघाल्या.

"जेवून जा ना जी," दिगंबरराव म्हणाले.

"पानं वाढू नका माझ्यासाठी," चपला घालत ताई म्हणाल्या. "आधी जावयाचं नाव काढून येते."