प्रल्हादच्या सैल तारा

महिना होऊन गेला. धान कापणाऱ्या बायांना पाणी द्यायला बांधावर गेलो होतो, तेवढ्यात मोहर्लीहून प्रल्हादच्या बायकोचा, शांताचा फोन आला. "भाऊ, हे गेले जी," ती म्हणाली, आणि रडू फुटायच्या आत पुढचंही सांगून टाकलं, "गिटार तुमालेच द्याची म्हनून सांगून गेले." मी तिथेच बांधावर बसलो. ज्याच्या मांडीला मांडी लावून सव्वीस हंगाम नाटकात पेटी वाजवली, त्याने शेवटी आपली जीव की प्राण वस्तू माझ्या हाती दिली, असं वाटलं. तेरवीपर्यंत मी त्याच्यासाठी मनापासून रडलो. ते रडणं आता परत मागता येत नाही...

आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत रॉक गिटार आणणारा पहिला माणूस प्रल्हाद. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातला. चंद्रपूरला कोळसा खाणीच्या कॉलनीत कुणाकडे तरी त्याने इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट ऐकली आणि तिथूनच एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. पहिली तार तुटली तेव्हा घरच्या जाळ्याची नायलॉनची दोरी ताणून बसवली. दोरी हलायची, स्पीकर गप्प. दोन दिवस हा स्पीकरलाच शिव्या देत होता! मग लोखंडच लागतं हे कळलं, सायकलच्या ब्रेकची तार उकलून लावली आणि गिटार बोलायला लागली. कॅसेटीतला खरखरीत आवाज हवा म्हणून स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला. वडशाच्या तालमीत खलनायकाच्या एन्ट्रीला त्याने पहिल्यांदा ती वाजवली, तेव्हा आमच्या नाटक कंपनीचे मालक ओरडले, "अरे, हे का आरा मशीन चालू केलं बे?" त्याच्या बाजूने मी भांडलो. लोकांना ऐकू तर द्या, म्हटलं. लोकांनी ऐकलं आणि शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. आज एकही कंपनी गिटारवाल्याशिवाय गाडीत बसत नाही, आणि जो तो अजून प्रल्हादचीच एन्ट्री वाजवतो... वाजवायचा प्रयत्न करतो म्हणा. तशी ती कुणाकडूनच निघत नाही.

त्याची एक रीत होती. वाजवून झालं की तो सगळ्या तारा सैल करायचा. "ताणून ठेवल्या तं मान वाकते गिटारीची," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी मी पेटीवर काळी दोनचा सूर धरायचा आणि तो पडद्याकडे तोंड करून, लाकडाला कान लावून तारा जुळवायचा. कुणी हसलं की मीच दटावायचो, त्याला ऐकू येऊ द्या रे. मला ती गिटार शिकायची फार हौस होती. बाजूला बसून त्याची बोटं तोंडपाठ झाली होती. कुठल्या तारेवर कुठलं बोट कधी पडतं, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

एका हंगामात त्याला कावीळ झाली. मालक म्हणाले, दुपारच्या तालमीत तू वाजवून दाखव, जमलं तर पेटी दुसऱ्याला देऊ. मी मोटारसायकल काढून थेट चिमूरकडच्या त्याच्या गावी गेलो. बाजेवर पिवळा होऊन पडला होता. विचारलं, "तारा कशा जुळवू?" त्याने छताकडे पाहत सांगितलं, "नेहमीसारख्याच लाव. पुस्तकात असते तशा." चंद्रपूरहून गिटारीचं पुस्तक आणलं, कंपनीत राहिलेल्या त्याच्या गिटारीवर तसंच केलं. बोटं त्याचीच, जागा त्याच, आणि सूर निघाले म्हशीच्या हंबरण्यासारखे. सगळी कंपनी पोट धरून हसली. मीही हसलो, काय करणार. बरा झाल्यावर तोच माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे गा. एकेकाचा हातच नसते." मी ते खरं मानलं. पुन्हा गिटारीला हात लावला नाही.

शेवटची काही वर्षं तो मोहर्लीला, वाघ पाहायला येणाऱ्या लोकांसमोर वाजवायचा. तेरवीच्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याच्या पुतणीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पुण्याच्या एका पाहुण्याने काढलेला. त्यात प्रल्हाद खुर्चीत बसून एकेक तार वाजवून सांगतो आहे, ही इतकी उतरवायची, ही इतकी. पुस्तकातलं काहीच नाही. त्याने स्वतःची वेगळी जुळवणी केली होती. पाहुणा विचारतो, आजवर कुणाला शिकवलं? "कोनालेच नाई." मग मलाच का? तर प्रल्हाद हसतो. तेच त्याचं लाघवी हसणं. "तुमी तं उद्या चालले जासान. माह्या बाजूले थोडीच बसता?"

बाजूला मी बसत होतो. लबाडा, तुझी जागा घ्यायला मी बसलो होतो का रे? तुझ्यासाठी मी मालकाशी भांडलो होतो. एका अनोळखी माणसाला अर्ध्या तासात दिलंस आणि मला माझा हात नाही म्हणून सांगितलंस... हे मला पचत नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलतो आहे.

गिटार शांताने दिली तेव्हा तारा सैलच होत्या. आजारपणात हात थरथरत असतानासुद्धा त्याने जुळवणी झाकायचं तेवढं काम चुकवलं नव्हतं. आठ दिवस ती खिळ्यावर तशीच टांगून ठेवली. मग एका सकाळी व्हिडिओ लावला, पेटीवर काळी दोन धरली आणि तारा जुळवल्या. बोटं आता आखडली आहेत, तरी जुन्या सवयीने आपापल्या जागी गेली. खलनायकाची एन्ट्री पहिल्याच खेपेला निघाली. अंगणातून बायको धावत आली. तिला वाटलं, प्रल्हादभाऊंची कॅसेट लागली आहे. मी मात्र माझ्या हातांकडे पाहत बसलो. हात होता. सुरुवातीपासून होता.

आता रोज सकाळी वाजवतो. वाजवून झालं की तारा सैल करतो, मगच खिळ्यावर टांगतो. काल बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "आता कोनापासून लपवून राह्यले जी?"

मी खुंट्या पिळत राहिलो.