नाचाच्या हॉलमधली भोकं

बोटीवर सगळे त्याला रंधाकाका म्हणत. कुणी फुशारकी मारली, की हा त्याला तासून जागेवर आणी. बोट नवी होती तेव्हा पहिल्या वर्गाच्या नाचाच्या हॉलची लाकडी जमीन त्यानंच बसवली होती. पट्टीला पट्टी अशी, की मधे नखही शिरू नये. पुढे बोटीचा सुतार म्हणून तो तिथंच राहिला. घरी आला की बायकोला त्या जमिनीचं कौतुक सांगे. ती म्हणे, "आणि आपलं दार कधी करकरायचं थांबणार?"

युद्ध सुरू झालं. बोटीला पांढरा रंग लागला, दोन्ही बाजूंना मोठे लाल क्रॉस आले, झुंबरं उतरली आणि हॉलमध्ये जखमींसाठी लोखंडी खाटा आल्या. कंपनीच्या साहेबानं बजावलं, "जमिनीला एक भोक पडता कामा नये. युद्ध संपलं की पुन्हा नाच आहेत." खाटा एकमेकींना दोरानं बांधायचं ठरलं. रंधाकाकाला मनातून बरंच वाटलं.

जखमींना घेऊन परतताना समुद्र खवळला. बोट कलली, दोर तुटले आणि खाटांची अख्खी रांग त्या गुळगुळीत जमिनीवरून घसरत भिंतीवर आदळली. मांडीचं हाड नुकतंच बसवलेला एक सैनिक मधे चेपला. हाड पुन्हा मोडलं.

जखमींची देखभाल करणाऱ्या सिस्टरनं रंधाकाकाला दारातच गाठलं. "तुमच्या जमिनीला ओरखडा नाही ना आला? बघून घ्या."

तो खाली जाऊन गिरमिट आणि स्क्रूंचा डबा घेऊन आला, गुडघे टेकले आणि पहिलं भोक पाडलं. साहेबाचा राग येत होताच, त्याहून जास्त स्वतःचा.

बोटीबरोबरच आलेला साहेब धावत आला. "काका, वेड लागलंय का? नोकरी जाईल."

"जाऊ दे. तोवर ही खाट धरा."

"मी?"

"मग कोण? नाचणारे अजून यायचेत."

साहेबानं हात मागे घेतले. खाट सिस्टरनं धरली. बंदर येईतो सगळ्या खाटा जमिनीला आवळून बसल्या होत्या, आणि बंदरात काकाला उतरवलं गेलं.

युद्ध संपल्यावर कंपनीनं त्याला बोलावलं. रिकाम्या हॉलमध्ये साहेब हसून म्हणाला, "भोकं बुजवून द्या, काका. मागचं विसरून जाऊ."

"त्या सैनिकाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या सैनिकाचं?"

साहेबाला खरंच आठवत नव्हतं. काकानं हत्यारांची पेटी उचलली.

"दुसरा सुतार बघा," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."