दातिवऱ्यातला चौथा टेक

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा त्यांच्याशी खोटं बोलून मला तीनच दिवस झाले होते. सकाळची वेळ होती. सफाळ्याच्या घरी अंगणात मी कपडे वाळत घालत होते. मोबाइलवर त्यांचंच नाव दिसलं म्हणून ओल्या हातानंच उचलला आणि म्हटलं, "बोला भाऊ, आज तरी जेवलात का नीट?" पलीकडून त्यांच्या बायकोचा, सुमनकाकूंचा आवाज आला, "तुझे भाऊ गेले गं..." एवढंच. दोरीवर टाकलेला वडिलांचा, आप्पांचा सदरा मी उगाचच काढला, झटकला आणि पुन्हा टाकला. त्याला आता दोन महिने होत आले. लिहायला बसते आणि अजून तिथंच अडकते...

जनार्दन तांडेल हे त्यांचं नाव. माझ्या नात्यातले ते कोणीच नव्हते. विद्यापीठात फिल्म आणि टेलिव्हिजन निर्मितीच्या पदवीला आम्ही एका बाकावर बसायचो. मी अठरा वर्षांची, ते बावन्न. 'हे माझे वर्गमित्र' अशी ओळख करून दिली की लोकांना वाटायचं, ही चेष्टा करतेय. मूळचे ते दातिवऱ्याचे, कोळ्याच्या घरातले. पण बारावी होताच तारापूरच्या एका कारखान्यात लागले आणि बोईसरला राहिले. तिथं कॉम्प्रेसर, पंप सांभाळायचं त्यांचं काम. बेअरिंग जायला आलं की ते आधी कानाला कळतं, असं ते सांगायचे. वसाहतीच्या गणपतीत माईक त्यांच्याकडे असायचा, आणि तो कधी शिट्टी मारायचा नाही याचा त्यांना केवढा अभिमान! कारखाना बंद पडला तेव्हा घरातल्यांना वाटलं, आता हे दुकान टाकतील. यांनी कुठंतरी वाचलं होतं की आवाजाचं काम विद्यापीठात रीतसर शिकवतात. प्रवेशाच्या खिडकीवर बाईंनी विचारलं, "मुलाचं नाव?" हे म्हणाले, "माझंच लिहा."

त्याच रांगेत मी त्यांच्या मागे उभी होते. तिथंच ओळख झाली. प्रवेश परीक्षेत दोघंही पास झालो, पण माझ्या घरी आप्पांनी ठाम सांगून टाकलं, "शिनेमात पोर पाठवायची नाय आमाला." आमची भातशेती, घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेलेलं नव्हतं. मी रडून रडून थकले आणि भाऊंना फोन करून सांगितलं की माझी जागा सोडून देतेय. पुढच्या रविवारी हा माणूस पिशवीत सुके बोंबील घेऊन आमच्या ओटीवर हजर! आप्पांनी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि विचारलं, "तुमी तितं काय शिकवता?"

"शिकवत नाय, शिकतो. तुमच्या पोरीच्या वर्गात हाय मी."

आप्पा त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे बघत राहिले आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले. भाऊ गावच्याच बोलीत पुढे म्हणाले, "सकाळी जाताना माझ्याबरोबर, येताना माझ्याबरोबर. मी हाय ना." मी आज जे काही शिकलेय ते त्या 'मी हाय ना'वर. आप्पांनी पुढची तीन वर्षं मला कधी उशीर का झाला म्हणून विचारलं नाही. भाऊंना फोन करून मात्र विचारायचे, हे मला फार नंतर कळलं.

वर्गात पहिले सहा महिने भाऊंचे हाल झाले. व्याख्यानं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. परतीच्या वाटेवर मी त्यांना माझ्या वहीतून मराठीत समजावायचे आणि ते कारखान्याच्या जुन्या रजिस्टरात पेन्सिलीनं उतरवून घ्यायचे. मुलं आधी त्यांना 'अंकल' म्हणून टोमणे मारत. मग एकदा सरावाच्या शूटिंगला सगळ्यांच्या आवाजात बारीक घरघर यायला लागली. सगळे वायरी तपासत होते. भाऊ उठले, दोन खोल्या ओलांडून गेले आणि पाण्याचा कूलर बंद करून आले. त्या दिवसापासून ते सगळ्यांचे भाऊ झाले. लांब काठीला बांधलेला माईक डोक्यावर धरून दहा मिनिटं न हलता उभं राहायचं कसं, ते मला त्यांनीच शिकवलं. "दंडावर भार घेऊ नको, कमरेवर घे. घागर घेतेस ना, तशी."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांना खोकला लागला. आधी आम्ही सगळ्यांनी तो हसण्यावारी नेला, त्यांनीसुद्धा. मग जिना चढताना ते मध्येच थांबायला लागले आणि भिंतीवरची जुनी पोस्टरं वाचल्याचं सोंग करायला लागले. पालघरला तपासण्या झाल्या, मुंबईला झाल्या. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती. डॉक्टर म्हणाले, हे मागे फिरत नाही, किती सावकाश पुढे जातं एवढंच बघायचं. कशानं झालं, हे नक्की कोणी सांगू शकलं नाही. मीच चिडून कारखान्याचं नाव काढलं, तर भाऊ म्हणाले, "माझ्याबरोबर लागलेले अजून धडधाकट आहेत. उगाच कोणावर ढकलू?" त्यांच्या या समजूतदारपणाचा मला राग यायचा. कोणावर तरी ओरडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिसऱ्या वर्षी पदवीसाठी दहा मिनिटांची फिल्म करायची असते. त्यांची गोष्ट निवडली गेली. दातिवऱ्यात एक म्हातारी, सून कामावरून यायची वाट बघत, जेवायची थांबलीय, एवढीच गोष्ट. म्हातारीचं काम त्यांच्या सख्ख्या आत्यानं करायचं होतं. दिग्दर्शन आणि आवाज भाऊंचा, कॅमेरा माझा. तोवर ते घरी दिवसभर ऑक्सिजनवर होते. हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडणारं ते यंत्र, फ्रीजपेक्षा जरा मोठ्यानं घरघरणारं. आम्ही गाडीत घालून तेही दातिवऱ्याला नेलं, काकूही बरोबर आल्या. सिलिंडर होता, पण तो परतीच्या प्रवासाला राखून ठेवलेला. यंत्र ओटीवर ठेवून लांब नळी आत घेतली, गोधड्या लावल्या, तरी कौलारू घरात त्याची घरघर माईकवर येतच होती. भाऊंनी कानाला हेडफोन लावला, ऐकलं आणि नळी काढून मांडीवर ठेवली. "टेक होईपर्यंत मशीन बंद करा."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही बाहेर बसा, मी बघते सगळं."

"आणि ऐकणार कोण?"

ॲक्शन म्हणायला त्यांना दम नव्हता, म्हणून ते हात वर करायचे आणि मी म्हणायचे. बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मापकावरचा घसरणारा आकडा मला कॅमेऱ्यामागून दिसत होता. पहिल्या टेकला आत्या वाक्य विसरल्या. यंत्र चालू केलं, आकडा वर यायची वाट बघितली, पुन्हा बंद. दुसऱ्या टेकला बाहेर मोटारसायकल गेली. तिसऱ्या टेकला मीच चुकले आणि फोकस गेला. माझ्या एका चुकीची किंमत त्यांचा श्वास होता आणि तरी माझ्या तोंडून पुन्हा 'ॲक्शन' निघत होतं. का नाही मी कॅमेरा बंद करून टाकला? मला अजून कळत नाही. त्यांना फिल्म हवी होती म्हणून, की मलाही हवी होती म्हणून...

चौथ्या टेकला भाऊंनी हात वर केला. ओठ निळसर झाले होते. आत्यांनी कॅमेऱ्याकडे, दाराकडे, कुठंच बघितलं नाही. सरळ भाच्याकडे बघितलं आणि हातातली ताटली खाली आदळली.

"आदी त्या पोराला नळी लाव."

"आत्ये, एकच वाक्य..." भाऊ कसेबसे म्हणाले.

"मी नाय बोलत. तुजा पिक्चर गेला खड्ड्यात. लाव नळी, मग काय ते बोलतंय मी."

पंचावन्न वर्षांच्या त्या 'पोराला' काकूंनी नळी लावली. यंत्र सुरू झालं. भाऊंनी डोळे मिटले आणि हळूच हात वर केला. मी ॲक्शन म्हटलं. भाच्याकडे बघतच आत्या त्यांचं वाक्य बोलल्या, "येईल गो ती. थांबू जराशी." इतकं खरं बोलणं मी त्याआधी कॅमेऱ्यातून बघितलेलं नव्हतं. मागे ती घरघर होतीच.

त्यानंतर भाऊ घराबाहेर पडले नाहीत. मी कॉलेजात बसून फिल्म जोडत होते. घरघर काढायचं सॉफ्टवेअर असतं, लावून बघितलं. घरघर जायची, पण तिच्याबरोबर आत्यांचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. आठवडाभर झटले. सरांनीही प्रयत्न केला. नाही निघाली. बोईसरला गेले तेव्हा भाऊंनी आधी तेच विचारलं. एका वाक्याला ते दोनदा थांबत होते.

"आवाज... खराब केला ना मी?"

"नाही भाऊ, निघाला. स्वच्छ निघाला."

"ऐकव."

"लॅपटॉप नाही आणला आज."

लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बरं." ज्यांना दोन खोल्यांपलीकडचा कूलर ऐकू यायचा, त्यांना माझा आवाज कळला नसेल का? काकूंना म्हणाले, हिला खायला दे काहीतरी. तेच शेवटचं.

फिल्म आहे तशीच दोघांच्या नावावर परीक्षेला ठेवली. बघून झाल्यावर एका परीक्षकांनी अगदी सहज विचारलं, "लोकेशनवर फ्रीज बंद करायचा राहिला होता का?" मी 'हो' म्हटलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. आम्ही दोघंही पास झालो. भाऊंच्या निकालाचा कागद मीच सही करून घेतला.

तो द्यायला गेल्या आठवड्यात बोईसरला गेले. पलंगाशेजारचं यंत्र गेलं होतं, तिथं फरशीवर नुसता चौकोनी डाग उरला होता. काकूंनी कागद दोन्ही हातांनी घेतला, वाचला आणि देवापाशी ठेवला. टीव्हीवर मालिका चालू होती, कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्यानं. काकू काय बोलतात तेच मला ऐकू येईना. मी कमी करायला रिमोट उचलला, तर काकूंनी माझा हात धरला.

"राहू दे. मशीनच्या घरघरीत मला ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांनीच वाढवून ठेवला होता. आता कमी केला ना, की..."

मी रिमोट होता तिथं ठेवला. मग आम्ही दोघी त्या आवाजावरून एकमेकींशी ओरडून बोलत चहा प्यायलो.