खोडदच्या म्हातारीचा शोध

बाई गेल्या त्या दिवशी शाळा भरली. तसं त्यांनीच बजावून ठेवलं होतं.

नारायणगावच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी ग्रंथालय सांभाळायचो. बाई राहायला खोडदला, आभाळातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या प्रचंड ताटल्यांच्या शेजारी. कुणी काही ऐकीव सांगितलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, “कुणी पाहिलं?” असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. सभेत त्याच्या शेजारी बसायला आपण जरा कचरतो.

नव्वदीच्या दशकात विज्ञानाच्या व्याख्यानांत एक किस्सा हटकून यायचा. खोडदची एक म्हातारी म्हणे शास्त्रज्ञांना म्हणाली, ‘आभाळाला एवढे कान लावलेत, तर पाऊस कधी येणार तेवढं ऐकून सांगा.’ सभागृह हसायचं. आमच्या शाळेत पाहुण्यांनी तो सांगितला, तेव्हा खोडदची मुलं माना खाली घालून बसली.

बाई उठल्या. “कुणी पाहिलं?”

“अहो, सगळ्यांना माहीत आहे.”

“मग एकाचं नाव सांगा.”

पाहुण्यांनी तो एका प्राध्यापकांकडून ऐकला होता, प्राध्यापकांनी मंचरच्या एका जीपवाल्याकडून. मला बरोबर घेऊन बाई त्याच्याकडे गेल्या.

“म्हातारी कसली! ती तमाशातली मावशी, अवो. जत्रंत बघितली. लई हसलो राव.”

मावशी म्हणजे लुगडं नेसलेला सोंगाड्या. तो आमच्याच गावातल्या तमाशाच्या राहुटीत सापडला, विडी ओढत. डोक्यावर टॉवेलाचा पदर घेऊन त्यानं ती बतावणी करून दाखवली. साहेब ऐटीत सांगतो, आम्ही आभाळातले जुनेपुराणे आवाज ऐकतो. मावशी म्हणते, “मग बांधावरनं मी कवाधरनं हाका मारतीया, त्या ऐकू येईनात व्हय रं?”

“आणि पाऊस?” बाईंनी विचारलं.

“पाऊस नव्हता आमच्यात. त्यो शिकल्याल्यांनी घातला असंल.”

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. परतताना मात्र एवढंच म्हणाल्या, “लोक साहेबाला हसत होते.”

पुढे जिथे तो किस्सा निघे, तिथे त्या उभ्या राहून मूळ बतावणी ऐकवत. एकदा कुणी माईक बंद केला. बाईंना माईक कधी लागलाच नव्हता. “गंमत आहे, सोडून द्या,” लोक म्हणत. “गंमत आहे ना? मग पुरी ऐका.” शेवटच्या आजारातही त्या काठी टेकत एका व्याख्यानाला गेल्या, आणि उभ्या राहिल्या.

किस्सा अजून सांगतात. खोडदची मुलं आता मान खाली घालत नाहीत, वळून माझ्याकडे बघतात. मी उभा राहतो. माझा आवाज बारीक आहे. मावशीचं वाक्य मी शेवटपर्यंत म्हणतो.