बाबांचा पेन ड्राइव्ह आणि लाइन क्लिअर

समा भागातल्या आमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं आणि ॲडमिनचा पासवर्ड माझ्याकडेच ठेवला. चूक माझीच. बाबांनी पेन ड्राइव्ह लावला की तो पासवर्ड मागायचा. मग नंदेसरीला कंपनीत मला फोन. बाबा निवृत्त स्टेशन मास्तर, पुढच्या स्टेशनकडे गाडी सोडायची परवानगी मागावी तसं म्हणायचे, “लाइन क्लिअर दे.” मी इथूनच घरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करून उघडून द्यायची.

आज सकाळी सेटिंग बदललं. आता बाबांच्या साध्या लॉगिनवरही पेन ड्राइव्ह आपोआप उघडतो. मनात गुजरातीत म्हटलं, चालो, शांती.

दुपारी डबा उघडला आणि फोन वाजला. “उघडला हं. नाट्यगीतं ऐकतोय.”

“मग फोन कशाला, बाबा?”

“अगं, गाडी सुटली की पुढच्या स्टेशनला कळवायचं असतं.”

उद्याही डबा खाताना फोन जवळच ठेवणार आहे. तुम्हाला असं कोण कळवतं?