टांग्याच्या गादीची लाल थैली

शाळेत नोकरी केलेल्या बाईजवळ किस्से किती साठतात, ते विचारू नका. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये खडूचे तुकडे साठतात ना, तसेच. वापरत कोणी नाही, आणि फेकवतही नाहीत. मी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत वीसेक वर्षं गणित शिकवलं. आता अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे असते. संध्याकाळी गच्चीवर आम्ही चार-पाच म्हाताऱ्या जमतो, की कोणीतरी म्हणतंच, "कानडेबाई, शाळेतला एखादा हसण्यासारखा किस्सा सांगा!"

सांगते. हसायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा!

*

पन्नास-साठच्या मधला काळ. टीचर्स रूममध्ये आमचं तिघींचं टेबल एक. मी, शिवणाच्या देशमुखबाई आणि मराठीच्या जोशीबाई. देशमुखबाई शेतीवाल्या घरच्या, तोंडाच्या फटकळ. जोशीबाई भटजींच्या घरची सून. चोविसाव्या वर्षी नवरा गेला. नोकरी टेंपररी. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, तिचा पगार चालत होता. बाकी तिचं काही फारसं चालत नव्हतं.

ऑगस्टच्या चाचणीचे पेपर तपासून ती शाळेत येत होती. वाटेत धो धो पाऊस. घरात छत्री एकच, ती अण्णांची. खांद्याला कापडी पिशवी. शाळेत येऊन तिनं पेपर काढले, तर सातवीचा अख्खा वर्ग निळा! शाई वाहून एकीचं उत्तर दुसरीच्या पेपरावर गेलेलं.

हेडबाईंनी एक एक पेपर चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाल्या, "पेपर कोरा आला तर मुलगी नापास होते, जोशीबाई. धुऊन आला तर बाई नापास!"

दुसऱ्या दिवशी नोटीस फिरली. प्रत्येक बाईनं मजबूत, वॉटरप्रूफ थैली घ्यावी. खाली एक ओळ फक्त जोशीबाईंसाठी होती : पुन्हा पेपर भिजले तर नोकरी पक्की होणार नाही. ती ओळसुद्धा हेडबाईंनी सगळ्या स्टाफकडून सही घेऊन फिरवली.

*

वॉटरप्रूफ थैली मिळते कुठे? प्लॅस्टिकच्या रंगीत थैल्या तेव्हा आमच्याकडे आल्याच नव्हत्या. देशमुखबाईंनीच शोध लावला. टांग्यांच्या गाद्या शिवणारे एक चाचा होते. उरलेल्या रेक्झिनच्या ते थैल्या शिवून द्यायचे. दुहेरी शिलाई, पट्टे घोड्याच्या सामानाचे!

आम्ही तिघी गेलो. देशमुखबाईंनी एक थैली उचलली, चाचांच्या माठातून तांब्याभर पाणी आत ओतलं आणि थैली हातात धरून दुकानासमोर दोन चकरा मारल्या. थेंब नाही गळला. बाजार बघत उभा.

"आतलं पानी भाईर येत नाही, तं भाईरचं आत कसं जाईन?" म्हणाल्या.

मी विचारलं, "चाचा, वह्यांचं वजन पेलेल ना? फाटणार नाही?"

चाचांनी सुई थांबवली. "बाई, ह्याच्यावर धा-धा वर्सं मानसं बसून राह्यले, ते नाही फाटलं. तुमच्या वह्या काय मानसाहून जड हायेत काय?"

*

मग रंग. देशमुखबाईंनी हिरवी घेतली. मी निळी. आणि जोशीबाई एका लाल थैलीवर हात ठेवून उभी. पिवळी किनार होती तिला. हात काही निघेना.

देशमुखबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चाचा सुईत दोरा ओवू लागले. अशा वेळी कोणीतरी शहाणपणा करायला लागतं, तो मी केला. "अहो, तपकिरी बघा ना. मळत नाही."

तिनं हात काढून घेतला. "तपकिरीच द्या," म्हणाली.

"तपकिरी कुठून देऊ?" चाचा म्हणाले. "टांगेवाल्यायले लालच पाह्यजे. हे तिन्ही सोडून माह्यापाशी कापडच नाही."

नोकरी जायची भीती होती, म्हणून तिनं लाल घेतली. मी माझी निळी तिला देऊन तिची लाल घेऊ शकले असते. माझा नवरा जिवंत होता, मला लाल चालत होती. गच्चीवरच्या मैत्रिणींना मी सांगते, "तेव्हा सुचलंच नाही हो!" पण सुचलं होतं. निळी मला आवडली होती, एवढंच.

*

लाल थैली घरी कशी न्यायची? माझं घर तिच्या वाटेवर. शाळा सुटली, की ती माझ्या ओसरीवर बसून पेपर तपासायची, थैली आमच्या खुंटीला टांगायची आणि रिकाम्या हातानं घरी जायची. सकाळी येऊन थैली घ्यायची. असे दहा-बारा दिवस गेले.

एक दिवस दारात अण्णा! उपरणं, टिळा, हातात ती छत्री. मला वाटलं, आता मोठा तमाशा होणार. पण अण्णा आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते.

"सूनबाईंची लाल थैली इथं असते म्हणे," ते शांतपणे म्हणाले. "स्वयंपाकाला उशीर होतो रोज. थैली घरी आणायला हरकत नाही. नोकरीची वस्तू आहे. फक्त तिचा रंग काढा."

मी म्हटलं, "अण्णा, रेक्झिनचा रंग कसा निघेल?"

"तुम्ही शिकलेल्या आहात," अण्णा म्हणाले आणि छत्री उघडून चालू लागले. पाऊस नव्हता, ऊन होतं.

*

बूटपॉलिशची कल्पना माझीच. काळ्या पॉलिशची अख्खी डबी आम्ही दोघींनी त्या थैलीवर घासली. पिवळी किनारसुद्धा सोडली नाही. ब्रश मारून मारून अशी चमकवली, की कोणी म्हणावं वकिलाची बॅग! जोशीबाई बघत राहिली. "छान झाली," म्हणाली. तिचा आवाज मला तेव्हाच ऐकवला नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस. जोशीबाई शाळेच्या फाटकातून आत आली, तेव्हा पटांगणात प्रार्थनेला मुली उभ्या होत्या. पॉलिश पाण्यानं फुगून सुटलं होतं. पांढऱ्या लुगड्याची एक बाजू खांद्यापासून घोट्यापर्यंत काळी, आणि हातात थैली होती तशी, लालभडक! पहिली रांग हसली. मग सगळ्या हसल्या.

हेडबाईंनी थैलीत हात घालून वह्या चाचपल्या. "कोरड्या आहेत," म्हणाल्या. "लुगडं काही शाळेचं नाही. प्रार्थना सुरू करा!"

*

त्यानंतर कुणा पालकाची चिठ्ठी आली. विधवा बाईनं लाल थैली मिरवावी, हे मुलींच्या शाळेला शोभत नाही. हेडबाईंनी आम्हाला तिघींनाही बोलावलं, म्हणजे एकटीला बोलावलं असं दिसू नये. "थैली वॉटरप्रूफ हवी," म्हणाल्या, "पण भडक नको. सौम्य हवी."

जोशीबाई जमिनीकडे बघत होती. मी भिंतीवरचं टाइमटेबल वाचत होते.

देशमुखबाई म्हणाल्या, "माही हिरवी हाय. थे भडक व्हते का सौम्य?"

"तुमचं वेगळं आहे, देशमुखबाई."

"काहून वेगळं? माहा नवरा हाय म्हनून? बाई, तो चार वर्सं झाले, दुसरीपाशी राहून राह्यला! त्याच्या नावानं म्या हिरवी घेऊन फिरू, अन् इचा मानूस मरेपावतर इच्यापाशी होता, तं इनं रंग सोडावा?"

हेडबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. सहामाहीपर्यंत बघू."

आम्हाला ठाऊक होतं, सहामाहीनंतर नोकरी पक्की व्हायची किंवा जायची.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी गच्चीवर अजून सांगितलेला नाही.

सहामाही झाली. ऑक्टोबरात पाऊस जायला हवा होता, पण तो काय शाळेच्या टाइमटेबलनं चालतो! निकालाच्या आदल्या दिवशी जोशीबाई टेबलाशी येऊन बसली. देशमुखबाईंनी दोनदा विचारल्यावर म्हणाली, "अण्णांना उद्या सकाळच्या मोटारीनं चांदूर बाजारला जायचं आहे. मोठं अनुष्ठान आहे. थैली मागून राहिले."

"कोनती थैली?"

"हीच. पोथी भिजू नये म्हणून. घराण्यातली जुनी हस्तलिखित पोथी आहे."

"अन् आता लाल चालते त्याले?"

"पोथीसाठी चालते म्हणाले."

"मंग तुह्ये पेपर वं?"

जोशीबाई थैलीचा पट्टा लावत-सोडत राहिली. माझ्यासमोर माझे पेपर होते, त्यांच्या बेरजा मी पुन्हा पुन्हा करत राहिले.

रात्रभर पाऊस पडला आणि सकाळीही थांबला नाही. हेडबाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या. आम्ही दोघी व्हरांड्यात. घंटा झाली तरी जोशीबाईचा पत्ता नाही. देशमुखबाई पुटपुटल्या, "गेली पोरीची नोकरी!"

आणि फाटकातून ती आली. डोक्यावर छत्री नाही, लुगडं निथळत होतं, केसांतून पाणी ओघळत होतं. दोन्ही हातांनी तिनं पोटाशी धरली होती लाल थैली. सरळ ऑफिसात गेली, थैली टेबलावर ठेवली, पट्टा सोडला. हेडबाईंनी बेचाळीस पेपर एक एक उलटून पाहिले. कडकडीत कोरडे. एकही अक्षर फुटलेलं नाही.

"बरं," हेडबाई म्हणाल्या.

टीचर्स रूममध्ये आल्यावर देशमुखबाईंनी तिला पुसायला आपला पदर दिला आणि विचारलं, "अन् म्हाताऱ्याची पोथी?"

"धोतराच्या फडक्यात बांधून घेऊन गेले."

"एवढ्या पान्यात? अन् तुले थैली देली कशी त्यानं?"

जोशीबाई केस पिळत होती. पाणी फरशीवर पडत होतं.

"मी काही मागितली नाही," ती म्हणाली. "थैली त्यांच्या हातातच होती, पोथी आत ठेवून राहिले होते. मी फक्त विचारलं, अण्णा, रोज विधवेच्या अंगाला लागलेली थैली पोथीला चालते का?"